लाईनमनच्या गाडीचा टिव

"देवा, हे काढा. आत्ताच्या आत्ता काढा."

गंगाधरराव दुकानाच्या दारात उभे होते. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं. त्यांच्या मागून रिक्षातून एक बाई उतरल्या. त्यांच्या हातात पाण्याची मोटर होती आणि मोटरला जळका वास येत होता. माझं काम मोटारसायकलच्या वायरिंगचं, पाण्याच्या मोटरीशी माझा काही संबंध नाही. पण बाईंच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तो संबंध त्या आता जोडणार आहेत.

देवा म्हणजे मीच. गंगापूरकडची जुनी मंडळी जोशी-कुलकर्ण्यांना अजून देवा म्हणतात. आजोबा पंचांग बघायचे, वडील कचेरीत कारकून होते. मी ऑटो इलेक्ट्रिशियन झालो. गारखेड्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये अर्धी जागा माझी, अर्धी रशीदभाईंची. इंजिन त्यांच्याकडे, वायरिंग माझ्याकडे. चहा आळीपाळीने.

दुष्काळाची वर्षं होती. औरंगाबाद, म्हणजे आताचं संभाजीनगर, बायपास ओलांडून पलीकडे पसरत चाललं होतं. आज मोकळं दिसणारं रान सहा महिन्यांत कॉलनी व्हायचं. घरं वाढली, पाणी मात्र जायकवाडीच्या तळाशी गेलं होतं. नळ आठ दिवसाआड यायचा. गंगाधरराव महापालिकेचे पाणी सोडणारे लाईनमन होते. रस्त्याखालच्या चेंबरमध्ये व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की त्या गल्लीला पाणी, बंद केला की पुढच्या गल्लीला. उघडायला लोखंडाची लांब दांडी लागते, वर आडवी मूठ असलेली. तिला ते चावी म्हणायचे. ती चावी त्यांच्या मोटारसायकलला आडवी बांधलेली असायची. लांबून भालदार आल्यासारखं वाटायचं.

त्यांची आधीची गाडी चोरीला गेली होती. चेंबरमध्ये वाकलेले असताना, पाठीमागून. त्यानंतर वर्षभर त्यांनी चावी खांद्यावर टाकून सायकल मारली. एप्रिल-मेच्या उन्हात, पाच कॉलन्या. नवी गाडी घेतली आणि शोरूममधून थेट माझ्याकडे आले. म्हणाले, "देवा, ही नाय जायला पाहिजे. ही गेली तर मी बी जाईन."

मी अलार्म बसवला. तेव्हा तो प्रकार आपल्याकडे नवा होता. सीटखाली साबणाच्या वडीएवढा डबा बसतो, त्याला कंट्रोल युनिट म्हणतात. त्याच्या आत धक्का ओळखणारा सेन्सर. शिवाय एक सायरन आणि एक रिले. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. गाडी लॉक असताना कोणी सुरू करायला गेलं की तो इंजिनची वायर तोडतो. हातात रिमोट. बटण दाबलं की गाडी एकदा "टिव" करते, म्हणजे लॉक झाली. परत दाबलं की "टिव-टिव", म्हणजे उघडली.

गंगाधररावांना तो टिव इतका आवडला की त्यांनी दुकानासमोर पंधरा वेळा लॉक-अनलॉक केलं. रशीदभाई म्हणाले, "पंडित, इनकू खिलौना दे दिये तुम."

आणि आता महिन्याभरातच ते तेच काढा म्हणून आले होते.

"झालं काय?" मी विचारलं.

उत्तर त्या बाईंनी दिलं. काळे वहिनी. बायपासपलीकडच्या कॉलनीत, गल्लीच्या अगदी शेवटच्या घरात राहणाऱ्या.

"यांनी टिव केलं. मी मोटर लावली. पाणी कुठंय?"

"वहिनी, मी जेवायला आलो होतो," गंगाधरराव म्हणाले.

"मग टिव कामून केलं?"

हळूहळू उलगडा झाला. गंगाधरराव चेंबरजवळ गाडी लावायचे, लॉक करायचे, टिव व्हायचा. मग व्हॉल्व्ह उघडायचे. दुसऱ्याच खेपेला कॉलनीने हे टिपलं. टिव ऐकू आला की पाणी. मग बायका हातातलं टाकून नळाकडे पळू लागल्या. नळाला मोटर लावायची नसते, पण सगळे लावतात, कारण शेजारच्याने लावलेली असते. रविवारी गंगाधरराव त्याच कॉलनीत एका साखरपुड्याला गेले. मांडवाबाहेर गाडी लावली. टिव. वीस-पंचवीस घरांत मोटरी सुरू झाल्या, कोरड्या पाइपावर. काळे वहिनींची तापून जळाली. लोक मांडवात आले आणि गंगाधररावांना जिलबीच्या ताटावरून उठवून विचारू लागले, की पाणी कुठंय?

"अहो, नवरदेवाचा बाप पण विचारायला आला," गंगाधरराव म्हणाले. त्यांनी आता कुठं हेल्मेट काढलं. "मी जिलबी तशीच ठेवून उठलो देवा."

रशीदभाई हसू आवरायला शेडच्या मागे गेले. तिथून त्यांचं हसणं नीट ऐकू येत होतं.

मी काळे वहिनींच्या मोटरीचं वाइंडिंग ओळखीच्या माणसाकडून करून देतो म्हणालो. त्या शांत झाल्या. मग गंगाधररावांना म्हणालो, "अलार्म काढू नका. गाडी जाईल. मी फक्त टिव बंद करतो. लॉक होईल, पण गुपचूप. कोणी हात लावला तरच सायरन वाजेल."

तशी सोय त्या युनिटमध्ये होती. इग्निशन चालू करून बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुकला की काम झालं. दोन मिनिटांत मी टिव बंद केला. गंगाधरराव खूश होऊन गेले. मीही खूश. आपण फार हुशारी केली असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात दुकानासमोर दोन रिक्षा थांबल्या. सात बायका उतरल्या. सगळ्यांच्या पुढे पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या एक बाई. रशीदभाईंनी त्यांना पाहिलं आणि तोंडातला गुटखा गिळला.

"बाजी, आदाब!"

त्या सुलताना बाजी. उर्दू शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या. रशीदभाई त्यांच्या हाताखाली दोनदा नापास झाले होते.

"जोशी कोण?" बाजींनी विचारलं. मी हात वर केला. अगदी वर्गात करावा तसा.

"आमचा टिव तुम्ही बंद केलात?"

"हो बाजी. त्याचं असं आहे की..."

"परवा पाणी आलं आणि गेलं. गल्लीच्या तोंडाची घरं भरली. आम्ही शेवटचे. आम्हाला कळलं तेव्हा गंगाधरभाऊ व्हॉल्व्ह बंद करत होते. माझ्या घरात अर्धा ड्रम पाणी आहे. पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीचा निकाह आहे. दोनशे माणूस जेवणार. दोनशे माणसाला अर्धा ड्रम. करा हिशोब."

मी केला नाही. काळे वहिनी मागून म्हणाल्या, "टिव चालू करा. आम्ही नाय जात."

मी गंगाधररावांना फोन करून बोलावलं. ते आले, सात बायका पाहून गाडीवरून उतरेनात. "टिव नाय," ते लांबूनच म्हणाले. "मला आता कुठं गाडी लावायची सोय राहिली नाय. दवाखान्यात गेलो तरी लोक बादल्या घेऊन येतील."

दोघांचंही खरं होतं. मी डोकं खाजवत बसलो. मग सुचलं. लॉकचा आवाज बंदच राहू दे. त्याऐवजी हँडलवर वेगळं बटण द्यायचं, सायरनला थेट जोडलेलं. व्हॉल्व्ह खरंच उघडायचा असेल तेव्हाच गंगाधररावांनी ते दाबायचं. बाकी जेवण, दवाखाना, साखरपुडा, सगळीकडे शांतता.

"पण दाबून धरावं लागणार का?" गंगाधरराव म्हणाले. "माझे दोन्ही हात चावीला लागतेत."

म्हणून मी एक टायमर टाकला. एकदा दाबलं की दोन मिनिटं वाजणार. मध्ये थांबणार नाही. बटण लाल रंगाचं मिळालं. हँडलच्या डावीकडे हॉर्नच्या शेजारी जागा होती, तिथं बसवलं.

राहिला आवाज. सायरनला सहा आवाज असतात. कोणता ठेवायचा, यावर बाजी म्हणाल्या, "सगळे ऐकवा."

पहिला आवाज पोलिसांच्या गाडीसारखा होता. रस्त्यावरची एक ट्रिपल सीट मोटारसायकल गल्लीत वळून दिसेनाशी झाली. दुसरा अँब्युलन्ससारखा, समोरच्या टेम्पोवाल्याने आदबीने बाजूला घेऊन वाट दिली आणि मागे वळून बघत राहिला. तिसऱ्याला रशीदभाईंनी कान झाकले. चौथा आवाज काय होता, मला आजही सांगता येत नाही. कोंबडं आरवायला लागलं आणि मध्येच त्याला उचकी लागली, असं काहीतरी. पलीकडच्या चहावाल्याच्या हातून किटली निसटली. सातही बायका हसत सुटल्या. एक तर खाली बसली.

"हाच," बाजी म्हणाल्या. त्याही पदराआड हसत होत्या. "हा दुसऱ्या कशाचा असूच शकत नाही."

"बाजी, माझी काही इज्जत..." गंगाधरराव म्हणाले.

"हात वर करा," बाजींनी बायकांना सांगितलं. सात हात वर झाले. आठवा रशीदभाईंचा.

पाच-सहा दिवस गेले. पाळीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी एका गाडीचा हेडलाइट उघडून बसलो होतो. गंगाधरराव पळत आले. पायी. चपला हातात.

"देवा, गाडी गेली."

मी हेडलाइट बाजूला ठेवला. त्यांना स्टुलावर बसवलं. धाप ओसरल्यावर त्यांनी सांगितलं. बायपासला हॉटेलवर चहा घ्यायला ते थांबले होते. गाडी बाहेर. रिमोट दाबला आणि आत गेले. चहा आला, आणि बाहेर त्यांचीच गाडी सुरू होऊन निघून गेली.

"लॉक होती ना?"

"दाबलं होतं मी बटण."

"लॉक झाल्याचं कळलं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कसं कळणार? तुम्हीच तर टिव बंद केला."

मी रिमोट हातात घेतला. त्याचा छोटा दिवा लागत होता, पण अगदी मंद. सेल संपत आला होता. चार पावलांवरून चालला असता, हॉटेलच्या दारातून नाही. गाडी लॉकच झाली नव्हती.

"आणि चावी? इग्निशनची?"

"गाडीलाच. रिमोट हाय म्हणून मी काढतच नव्हतो."

मग त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "गाडी गेली तर गेली देवा, दांडी बी तिलाच बांधलेली. आज बाजीच्या गल्लीचा वार हाय. उद्या पोरीचा निकाह. दुसरी चावी स्टोअरमधून आणून उघडेपर्यंत टाकीतलं पाणी पुढच्या कॉलनीला जाईल. मी काय तोंड दाखवू?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पन्नाशीचा माणूस, वर्षभर सायकल मारलेला. मला स्वतःची फार लाज वाटली. टिव काढून मी त्यांचा डोळाच काढून घेतला होता. आवाज चोरासाठी नसतो, मालकासाठी असतो, हे मी युनिटबरोबर आलेल्या कागदावर वाचलं होतं आणि विसरलो होतो.

"रशीदभाई, स्कूटर!" मी ओरडलो.

"आधी चौकीला जाऊ," रशीदभाई म्हणाले.

आम्ही तिघे एका स्कूटरवर निघालो. गंगाधरराव मध्ये. बायपासला आलो आणि रशीदभाईंनी ब्रेक मारला.

"सुना क्या?"

लांबून, कॉलनीच्या दिशेने, कोंबड्याला उचकी लागली होती.

पुढे काय झालं ते मला नंतर काळे वहिनींनी सांगितलं, आणि चोरानेही सांगितलं. दोघांची हकिगत एकमेकांशी जुळते.

चोराला कॉलनीत जायचंच नव्हतं. अर्धा तास हॉटेलमागच्या रानात लपून राहिल्यावर त्याला बीडच्या रस्त्याला लागायचं होतं. कॉलनीच्या तोंडाशी दोन म्हशी आडव्या आल्या. त्याने हॉर्न वाजवायला अंगठा दाबला, तो लाल बटणावर पडला. सायरन सुरू झाला. त्याने ते बटण परत दाबलं, हॉर्न दाबला, लाइट लावले, इंडिकेटर लावले. थांबेना. रस्त्यावरचे लोक बघायला लागले म्हणून तो घाबरून समोरच्या गल्लीत शिरला. तीच बाजींची गल्ली. दोन्ही बाजूंनी दारं उघडली आणि घागरी, बादल्या, पाइप, ड्रम घेऊन सगळी गल्ली रस्त्यावर आली. गाडी पुढे न्यायला जागा नाही, मागे वळवायला नाही.

बाजी पुढे झाल्या. गाडी ओळखीची, गाडीला आडवी बांधलेली दांडी, वाजणारा आवाज तोच. माणूस मात्र वेगळा.

"नवीन आलात का?"

चोराने चाळीस बायका पाहिल्या. "हो," तो म्हणाला.

"गंगाधरभाऊ कुठं आहेत?"

"रजेवर."

"आणि तुम्ही उभे काय राहिलात? उघडा."

"काय?"

"व्हॉल्व्ह! अरे बाबा, पहिलाच दिवस दिसतोय याचा," काळे वहिनी म्हणाल्या. त्यांनी चेंबरचं झाकण सरकवून दिलं. एकीने दांडी सोडून त्याच्या हातात ठेवली. तो खाली वाकला, आणि चुकीच्या बाजूला जोर लावू लागला.

"उलटं!" चाळीस बायका एकदम ओरडल्या.

बाजी फेरे मोजत होत्या. एक, दोन, तीन. गंगाधरराव आठ फेऱ्यांवर थांबायचे, म्हणजे शेजारच्या गल्लीचा दाब टिकतो. आठ झाले तरी बाजी गप्प राहिल्या. त्या गणिताच्या बाई होत्या, चुकून नक्कीच नाही. नळातून आधी हवा फुसफुसली, मग पाणी आलं.

आणि काळे वहिनींनी पुढे होऊन गाडीची किल्ली काढून कमरेला खोचली. चोर पकडायला नव्हे. नवा माणूस आहे, मध्येच बंद करून पळाला तर शेवटची घरं कोरडी राहतील, म्हणून.

वाटेत चौकीत वर्दी देऊन आम्ही पोचलो तेव्हा चोर चेंबरशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. एका हातात चहा, मांडीवर पोह्यांची बशी. गल्लीभर पाण्याचा आवाज चालला होता, आणि लोक एकमेकांना ओरडून सांगत होते की मोटर न लावता वरच्या टाकीत चढतंय.

गंगाधरराव स्कूटरवरून उडी मारून उतरले. "चोर! चोर हाय तो! माझी गाडी!"

सगळी गल्ली थांबली. बाजींनी खुर्चीकडे पाहिलं.

"हे खरं आहे?"

चोर उभा राहिला. बशी खाली ठेवली. "हो बाजी," तो म्हणाला.

"मग रजेवर आहेत म्हणालात ते?"

"चुकलं."

मला वाटलं आता मारामारी होईल. पण काळे वहिनी म्हणाल्या, "थांबा हो जरा. माझी टाकी अजून अर्धी हाय." आणि जी हसण्याची लाट उठली, ती गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. चोरही हसला, मग त्याला वाटलं की आपण हसायला नको होतं. रशीदभाई खांबाला धरून उभे होते. मी हसत होतो आणि मला रडूही येत होतं. फक्त गंगाधरराव हसत नव्हते. ते चेंबरमध्ये वाकून बघत होते.

"दहा फेरे!" ते किंचाळले. "दहा फेरे उघडलाय यानं!"

तेवढ्यात शेजारच्या गल्लीतून चार माणसं आली. त्यांच्याकडे पाणी येत नव्हतं.

गंगाधररावांनी दोन फेरे बंद केले. आपल्या हाताने, आपल्या दांडीने. मग गाडीची टाकी, हँडल, सीट सगळं चाचपून पाहिलं, आणि तेव्हा कुठं त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

पोलीस आले तोपर्यंत शेवटच्या घराचा ड्रम भरला होता. चोराला घेऊन गेले. त्याच्याकडे आणखी तीन गाड्या सापडल्या असं नंतर कळलं. जाताना एक आजी म्हणाल्या, "पोरगं चांगलं उघडत होतं." गंगाधररावांना ते लागलं. दोन दिवस त्यांनी त्या घरचा चहा घेतला नाही.

निकाह झाला. मी, रशीदभाई आणि गंगाधरराव तिघेही जेवायला गेलो. बिर्याणी झाली, वर हात धुवायला भरपूर पाणी. गाडी मांडवाबाहेर होती, लॉक केलेली. मी त्याच सकाळी टिव परत सुरू केला होता, रिमोटला नवा सेल घातला होता आणि लाल बटण काढून टाकलं होतं. त्याऐवजी गंगाधरराव आता व्हॉल्व्ह उघडण्याआधी बाजींना मिस्ड कॉल देणार होते, आणि बाजी गल्लीला सांगणार होत्या. इतकं साधं आम्हाला आधी सुचलं नव्हतं.

त्यानंतर मी शेकडो अलार्म बसवले. गिऱ्हाईक म्हणतं, तो टिव बंद करा, लोक वळून बघतात. मी नाही म्हणतो. गाडी लॉक झाली की नाही, हे मालकाला तेवढ्यावरूनच कळतं. कोणी विचारतं, अलार्मने चोर सापडतो का? मी खरं सांगतो. अलार्म फक्त ओरडतो. तो ऐकून लोक घराबाहेर येतात का, हे त्यांचं त्यात काय काम आहे यावर अवलंबून असतं.